पाठ १४ : आधी भान, मग साधन

प्रस्तावना

शिक्षण किंवा नोकरी यांसाठी आपल्यापैकी अनेकांना घरापासून दूर राहावे लागते. कोणी पहाटे कामावर निघते, तर कोणाची रात्रपाळी मध्यरात्रीनंतर संपते. अशा वेळी 'पर्समध्ये एक पेपर स्प्रे असू दे' असा सल्ला हमखास मिळतो. बाटली विकत घेतली जाते आणि पर्सच्या तळाशी विसावते. ती कशी वापरावी, केव्हा वापरावी आणि केव्हा मुळीच वापरू नये, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. साधन जवळ असणे आणि साधन वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर ओळखण्यासाठी हा माहितीपर पाठ आपण अभ्यासणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• पेपर स्प्रे आणि विजेचा धक्का देणारी उपकरणे कशी काम करतात ते सांगता येईल;
• त्यांच्या सरावाच्या पायऱ्या क्रमाने लिहिता येतील;
• स्वसंरक्षणाच्या कायदेशीर हक्काची व्याप्ती आणि मर्यादा स्पष्ट करता येतील;
• आज्ञार्थी व विध्यर्थी वाक्ये ओळखून त्यांचा योग्य वापर करता येईल.

मूळ पाठ

१. रस्ता आणि रात्र

बंगळूर शहराच्या आग्नेयेला सर्जापूर रोड आहे. इब्बलूरच्या चौकातून पुढे हा रस्ता कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नल्ली, कोडती, दोम्मसंद्र ही गावे ओलांडत आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जातो. एके काळी दुतर्फा शेते आणि तळी असलेल्या या वाटेवर आज संगणक कंपन्या, उंच वसाहती, शाळा आणि रुग्णालये उभी आहेत. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव येथून पोटासाठी बंगळूरला आलेली मराठी माणसेही या भागात भेटतात. दिवसा वाहनांच्या गर्दीने तुंबणारा हा रस्ता उत्तररात्री मात्र लांबलचक आणि निर्मनुष्य वाटू लागतो.

अशा शहरात रात्रीच्या प्रवासाचा प्रश्न किती गंभीर असतो, हे डिसेंबर २००५ मध्ये साऱ्या देशाला कळले. बंगळूरमधील एका कॉल सेंटरमध्ये काम करणारी तरुणी रात्रपाळीसाठी निघाली होती. तिला नेण्याचे काम आपल्याकडेच आहे, असे भासवून एका चालकाने तिला गाडीत बसवले आणि तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला. २०१० मध्ये त्याला जन्मठेप झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातही रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा असाच अंत झाला. या घटनांनंतर रात्री स्त्री-कर्मचाऱ्यांची ने-आण कशी करावी, याविषयी कंपन्यांवर आणि शासनावर दबाव आला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर तर स्वसंरक्षणाच्या साधनांची मागणी देशभर वाढली. अनेक घरांत पहिली पेपर स्प्रेची बाटली आली ती त्याच सुमारास.

२. एक वर्ग

आता एका वर्गाचे चित्र डोळ्यांसमोर आणू. सर्जापूर रोडवरील एका वसाहतीच्या सभागृहात रविवारी सकाळी दहा-बारा जणी जमल्या आहेत. त्यांत रात्रपाळी करणारी एक परिचारिका आहे, संगणक कंपनीतील एक तरुणी आहे आणि पहाटे साडेपाचला स्वयंपाकाच्या कामावर निघणाऱ्या एक मावशी आहेत. प्रशिक्षिका बेळगावच्या असल्याने कानडीइतक्याच सहजपणे मराठी बोलतात.

त्या प्रथम विचारतात, "तुमची बाटली कुठे आहे?"

"पर्समध्ये आहे, मॅडम," परिचारिका म्हणते.

"काढून दाखवा बरं."

परिचारिका पर्सची साखळी उघडते. डबा, छत्री, रुमाल, किल्ल्या बाजूला होतात आणि बाटली हाती येईपर्यंत बारा सेकंद जातात. वर्गात हशा पिकतो. पण प्रशिक्षिका हसत नाहीत.

"ताई, कोणी अंगावर धावून आलं, तर तो बारा सेकंद थांबेल का?"

या प्रश्नामागे एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, सुमारे साडेसहा मीटर, म्हणजे एकवीस फूट अंतर धावणारा माणूस अवघ्या दीड सेकंदात कापतो. म्हणून पर्सच्या तळाशी असलेली बाटली ही घरी विसरलेल्या बाटलीसारखीच असते. निर्जन वाटेवर पाऊल टाकण्याआधीच ती हातात किंवा सहज हात जाईल अशा ठरलेल्या खिशात हवी. ती जागा रोज तीच असावी. कारण भीतीच्या क्षणी बुद्धी शोध घेत नाही, हाताला जी सवय लागलेली असते तीच कामी येते.

३. तिखटाचे विज्ञान

पेपर स्प्रे या नावातील 'पेपर' म्हणजे आपली काळी मिरी नव्हे. इंग्रजीत मिरी आणि मिरची या दोहोंसाठी तोच शब्द वापरतात. हा फवारा मिरचीच्या अर्काचा असतो. मिरचीला तिखटपणा देणारे द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन. मिरच्यांपासून काढलेला, कॅप्सेसिनयुक्त तेलकट अर्क दाबाखाली बाटलीत भरलेला असतो. मिरची किती तिखट आहे हे मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये शोधली; आजही तिखटपणाचे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

कॅप्सेसिन त्वचा जाळत नाही. उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवते आणि मेंदूला 'येथे आग लागली आहे' असा खोटा निरोप जातो. डोळे आपोआप मिटतात, पाणी वाहू लागते, खोकला येतो आणि श्वास कोंडल्यासारखे वाटते. ही अवस्था साधारणतः अर्धा-पाऊण तास टिकते व हळूहळू ओसरते. निरोगी माणसाला त्यामुळे सहसा कायमची इजा होत नाही. मात्र दम्याच्या रुग्णाला तो फवारा घातक ठरू शकतो आणि अगदी जवळून मारलेली जोरदार धार डोळ्याला इजा करू शकते.

फवारा प्रत्येकावर सारखाच चालत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दारूच्या किंवा अन्य नशेत असलेला, अतिशय संतापलेला किंवा चश्मा घातलेला हल्लेखोर काही काळ पुढे येतच राहू शकतो. म्हणून फवारा मारून तेथेच उभे राहणे ही सर्वांत मोठी चूक होय.

४. सरावाच्या पायऱ्या

सरावासाठी तिखटाऐवजी पाणी भरलेल्या बाटल्या मिळतात. वर्गात त्याच वापरल्या जातात. प्रशिक्षिका फळ्यावर पाच शब्द लिहितात : पाहा, बोला, फवारा, सरका, पळा.

पाहा : समोरची व्यक्ती, निसटण्याची वाट आणि वाऱ्याची दिशा, या तीन गोष्टी पाहाव्यात. वारा आपल्या तोंडावर येत असेल, तर फवारा आपल्याच डोळ्यांत येतो. धुक्यासारखा पसरणारा फवारा वाऱ्याने लगेच उलटतो. सरळ धार किंवा घट्ट जेल तुलनेने कमी उलटते, पण तिचा नेम अचूक लागतो.

बोला : एक हात पुढे धरून, छातीतून आवाज काढून "थांब! मागे हो!" असे ओरडावे. निष्पाप माणूस या आवाजाने थबकतो आणि दूर होतो. तो दूर झाला, तर फवाऱ्याची गरजच उरत नाही. आसपासच्या लोकांचेही लक्ष वेधले जाते. बंगळूरमध्ये मदतीची हाक कानडीत देता आली तर अधिक उत्तम. "कापाडी" म्हणजे 'वाचवा' आणि "सहाय माडी" म्हणजे 'मदत करा'. हे शब्द वर्गातील सगळ्याजणी मोठ्याने म्हणतात. मावशींचा आवाज प्रथम घशातच अडकतो. तिसऱ्या वेळी मात्र तो सभागृहाबाहेर ऐकू जातो.

फवारा : खटका सरकवून, बाटली उभी धरून, डोळ्यांच्या रोखाने अर्ध्या ते एका सेकंदाची धार सोडावी. लहान बाटलीचा पल्ला साधारण दोन ते तीन मीटर असतो. बाटली पुढे नेऊन समोरच्याच्या हाताजवळ धरू नये. ती हिसकावली जाते.

सरका : धार सोडताच एका बाजूला दोन पावले सरकावे. डोळे मिटलेला माणूस ज्या दिशेने तुम्हाला शेवटचे पाहिले, त्याच दिशेने झेपावतो.

पळा : उजेडाकडे, माणसांकडे, उघड्या दुकानाकडे किंवा सुरक्षारक्षकाच्या चौकीकडे धावावे. सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावरच ११२ हा क्रमांक फिरवावा. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्ही सेवांसाठी तो एकच क्रमांक आहे. स्त्रियांसाठी १८१ ही मदतवाहिनीही आहे.

"मॅडम, पण तो पडला आणि कळवळू लागला, तर?" तरुणी विचारते.

"तर ११२ ला तेही सांगा. जवळ मात्र जाऊ नका. फवाऱ्याने तुम्हाला विजय मिळत नाही, वेळ मिळतो. तो वेळ पळण्यासाठी आहे."

५. आपल्याच डोळ्यांत गेला तर

सराव करताना किंवा प्रत्यक्ष प्रसंगी फवाऱ्याचे थेंब आपल्यावरही उडतात. अशा वेळी डोळे चोळू नयेत. मोकळ्या हवेत यावे, स्पर्शभिंग काढून टाकावे आणि दहा-पंधरा मिनिटे थंड पाण्याच्या धारेखाली डोळे उघडमीट करीत धुवावेत. त्वचेवरील तेलकट थर साबणाने काढावा. तेल किंवा मलम लावू नये, कारण त्याने अर्क त्वचेवर टिकून राहतो. दूध लावल्याने आग लवकर शमते असा समज आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र दूध, बाळांचा शांपू, दोन प्रकारची औषधे आणि साधे पाणी यांची तुलना केली असता वेदना कमी होण्यात फारसा फरक आढळला नाही. मग सर्वांत सहज मिळणारे पाणीच बरे. दम लागला किंवा दृष्टी स्वच्छ झाली नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

बंद जागेत फवारा मारणे किती धोक्याचे आहे, हे १३ फेब्रुवारी २०१४ रोजी देशाने पाहिले. तेलंगण विधेयकावरील गोंधळात एका खासदाराने लोकसभेत पेपर स्प्रे मारला. सभागृह खोकल्याने भरून गेले आणि काही खासदारांना रुग्णालयात न्यावे लागले. एवढ्या विशाल सभागृहात ही गत होते, तर लिफ्ट, रिक्षा किंवा बस यांत काय होईल, याची कल्पना करावी.

बाटलीचीही निगा राखावी लागते. तिच्यावर मुदत छापलेली असते; मुदत उलटल्यावर दाब कमी होतो आणि धार पुढे जात नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती ठेवू नये. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. विमानात हातसामानातून ती नेता येत नाही. अन्य वाहनांतील नियम आधी विचारून घ्यावेत.

६. विजेचा धक्का : जाहिरात आणि वास्तव

"लाखो व्होल्टचं यंत्र मिळतं म्हणे, बाई. सूनबाई म्हणाली, ते घ्या," मावशी म्हणतात.

विजेचा धक्का देणारी उपकरणे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार स्पर्शाचा. त्याच्या दोन टोकांमध्ये ठिणगी उडते आणि ती टोके हल्लेखोराच्या अंगाला टेकवावी लागतात. दुसरा प्रकार दुरून वापरण्याचा. त्यातून बारीक तारांना जोडलेले दोन काटे सुटतात आणि अंगात किंवा कपड्यात रुततात. या प्रकाराचे सर्वपरिचित नाव टेझर. अमेरिकी संशोधक जॅक कव्हर यांनी ते १९७० च्या दशकात तयार केले आणि लहानपणी वाचलेल्या एका साहसकथेतील 'विजेच्या बंदुकी'वरून त्याला नाव दिले.

दोन्ही प्रकारांत फरक मोठा आहे. काट्यांच्या उपकरणात दोन काटे एकमेकांपासून सुमारे एक फूट अंतरावर रुतले, तर मधल्या स्नायूंना वळ येतो आणि माणूस जागीच ताठरतो. एक काटा चुकला किंवा सैल कपड्यातच अडकला, तर विद्युत्-मंडल पूर्ण होत नाही आणि काहीच घडत नाही. स्पर्शाच्या उपकरणाची दोन टोके तर बोटभर अंतरावर असतात. त्याने स्नायू जखडत नाहीत. केवळ वेदना होते. जाड कपड्यांतून तीही कमी होते. शिवाय ते वापरण्यासाठी ज्याच्यापासून दूर पळायचे, त्याच्याच मिठीच्या अंतरात जावे लागते. 'लाखो व्होल्ट' हा आकडा डोळे दिपवणारा असला, तरी शरीरावरील परिणाम प्रवाह किती, कोठे आणि किती वेळ वाहतो यावर ठरतो. धक्का बसलेला माणूस डोक्यावर आपटून गंभीर जखमी होऊ शकतो. हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक असतो. म्हणूनच पोलिसांनासुद्धा ही उपकरणे प्रशिक्षणाविना दिली जात नाहीत.

पेपर स्प्रे विकत घेण्यास परवाना लागत नाही. विजेच्या उपकरणांविषयी मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांचा विचार करावा लागतो. एखादी वस्तू घरपोच मिळते, एवढ्याने ती बाळगणे कायदेशीर ठरत नाही. खरेदीपूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करणे शहाणपणाचे.

७. हक्क आणि मर्यादा

स्वतःचे व दुसऱ्याचे शरीर वाचवण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ यांत हा हक्क सांगितला आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ यांत होता. धोका खरोखर जाणवू लागला की हा हक्क सुरू होतो. धोका टळला की तो संपतो. बचावासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरता येते. पोलिसांची मदत घेण्यास पुरेसा अवधी असेल, तर हा हक्क उरत नाही.

या मर्यादेचे उदाहरण बंगळूरचेच आहे. एका खाजगी वादात पेपर स्प्रे वापरल्याबद्दल नोंदवलेला गुन्हा रद्द करावा, अशी मागणी कर्नाटक उच्च न्यायालयापुढे आली. आम्ही स्वसंरक्षणार्थ फवारा मारला, असे त्या पक्षाचे म्हणणे होते. मे २०२४ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. जिवाला तातडीचा धोका प्रथमदर्शनी दिसत नाही आणि पेपर स्प्रे हे घातक शस्त्र ठरू शकते, असे न्यायालयाचे मत पडले. भांडणात, पार्किंगच्या वादात, थट्टेत किंवा सूड म्हणून मारलेला फवारा हा गुन्हा होऊ शकतो. जे साधन घाबरलेल्याचे रक्षण करते, तेच रागावलेल्याला आरोपी बनवते.

८. साधनाविना संरक्षण

जानेवारी २०२३ च्या अखेरीस सर्जापूर रोडवरच घडलेला प्रसंग पाहा. पहाटे तीनच्या सुमारास एक दांपत्य मोटारीने घरी परतत होते. दुचाकीवरील दोघांनी मुद्दाम त्यांच्या गाडीवर धडक दिली आणि त्यांना बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. ते दोघे गाडीतून उतरले नाहीत. त्यांनी काचा उघडल्या नाहीत, हुज्जत घातली नाही. गाडी मागे घेऊन ते निघाले. दुचाकीस्वारांनी सुमारे पाच किलोमीटर पाठलाग केला. दांपत्य आपल्या वसाहतीच्या फाटकापर्यंत पोहोचले आणि पोलिसांना कळवले. गाडीतील कॅमेऱ्याने सारे टिपले होते. पोलिसांनी दोघांना अटक केली. येथे ना फवारा उपयोगात आला, ना विजेचे उपकरण. बंद दार, वाढवलेले अंतर आणि शाबूत राखलेले भान हीच त्यांची शस्त्रे ठरली.

आणखी एक सत्य कटू असले तरी सांगितले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे दिसते की, बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो. तो नातेवाईक, शेजारी, मित्र किंवा मालक असतो. अशा माणसासमोर पर्समधील बाटली बहुधा निघतच नाही. तेथे विश्वासातल्या व्यक्तीला सांगणे, तक्रार करणे आणि ऐकणाऱ्याने 'तुझीच चूक' न म्हणणे, हेच खरे संरक्षण होय. रस्त्यावर दिवे लावणे, रात्रीचे वाहन सुरक्षित ठेवणे ही जबाबदारी शासनाची व मालकांची आहे. पेपर स्प्रेची बाटली त्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही.

कर्नाटकात चित्रदुर्गाच्या ओबव्वाची कथा घरोघरी सांगतात. अठराव्या शतकात हैदरअलीचे सैनिक किल्ल्याच्या एका फटीतून आत शिरू लागले, तेव्हा तिने हातातील मुसळाने त्यांना रोखले, अशी ती कथा आहे. मुसळ हे काही शस्त्र नव्हे. परंतु फट कोठे आहे हे तिने पाहिले, क्षण ओळखला आणि रोज हातात असलेली वस्तू कामी आणली.

वर्ग संपतो. मावशी बाटली पर्समध्ये टाकत नाहीत. पदराआड कमरेच्या पिशवीत ती ठेवतात, हात नेऊन एकदा चाचपून पाहतात आणि तरुणीला म्हणतात, "पोरी, उद्या पहाटे फाटकापर्यंत बरोबर चालू या का?"

"चला की, मावशी," ती म्हणते.

शब्दार्थ

उत्तररात्र – मध्यरात्रीनंतरची वेळ
निर्मनुष्य – माणसांची वस्ती वा वर्दळ नसलेले
अर्क – पदार्थाचा काढलेला सत्त्वांश
पल्ला – पोहोचण्याचे अंतर
प्रथमदर्शनी – वरवर पाहता, सुरुवातीला दिसते त्याप्रमाणे
व्याप्ती – आवाका, विस्तार

पाठगत प्रश्न

अ) योग्य पर्याय निवडा.
१. पेपर स्प्रेतील मुख्य द्रव्य : (क) काळी मिरी (ख) कॅप्सेसिन (ग) मोहरी
२. स्पर्शाच्या विद्युत् उपकरणाने प्रामुख्याने : (क) स्नायू जखडतात (ख) वेदना होते (ग) दृष्टी जाते

आ) चूक की बरोबर ते लिहा.
३. फवारा मारल्यावर त्याच जागी उभे राहावे.
४. धोका टळल्यावर स्वसंरक्षणाचा हक्क संपतो.

भाषाभ्यास

पुढील वाक्ये वाचा.
(१) "थांब! मागे हो!"
(२) डोळे चोळू नयेत.
(३) उजेडाकडे धावावे.

पहिल्या वाक्यातील क्रियापदांतून आज्ञा व्यक्त होते. हा आज्ञार्थ होय. दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यांतून 'असे करणे योग्य' किंवा 'असे करणे अयोग्य' हा अर्थ व्यक्त होतो. हा विध्यर्थ होय. संकटाच्या क्षणी आपण आज्ञार्थ वापरतो. सूचना लिहिताना विध्यर्थ शोभतो. विध्यर्थाचे नकारार्थी रूप 'नये' लावून होते : उघडावे – उघडू नये.

कृती : 'सरावाच्या पायऱ्या' या भागातून विध्यर्थाची पाच क्रियापदे शोधा व त्यांची आज्ञार्थी रूपे लिहा.

तुम्ही काय शिकलात?

• साधन सहज हाती येईल अशा ठरलेल्या जागी हवे आणि त्याचा सराव हवा.
• पेपर स्प्रेमुळे पळण्यासाठी वेळ मिळतो. तो बंद जागेत व वाऱ्याच्या उलट दिशेने वापरू नये.
• विजेच्या उपकरणांच्या मर्यादा जाहिरातींत दिसत नाहीत.
• स्वसंरक्षणाचा हक्क धोक्याइतकाच असतो. राग हा धोका नव्हे.
• अंतर, आवाज, प्रसंगावधान आणि सोबत ही पहिली साधने होत.

स्वाध्याय

१. परिचारिकेला बाटली काढण्यास लागलेल्या वेळेतून कोणता धडा मिळतो, ते ट्यूलर यांच्या प्रयोगाच्या आधारे लिहा.
२. 'जे साधन घाबरलेल्याचे रक्षण करते, तेच रागावलेल्याला आरोपी बनवते.' या विधानाचा अर्थ उदाहरणासह स्पष्ट करा.
३. जानेवारी २०२३ मधील दांपत्याच्या वागण्यातील तीन योग्य निर्णय सांगा.
४. पाठाच्या शेवटी मावशी तरुणीला सोबत चालण्याविषयी का विचारतात, असे तुम्हाला वाटते? सहा-सात ओळींत लिहा.
५. 'प्रसंगावधान राखणे', 'हातपाय गळणे' आणि 'हुज्जत घालणे' या वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
६. प्रकल्प : तुमच्या घरापासून कामाच्या किंवा शिक्षणाच्या ठिकाणापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा. अंधाराच्या जागा, रात्री उघडी असणारी दुकाने आणि पोलीस चौकी त्यावर दाखवा. अंधाराच्या एका जागी दिवा लावावा, अशी मागणी करणारा अर्ज स्थानिक अधिकाऱ्यांना लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (ख) २. (ख) ३. चूक ४. बरोबर